फोकसची मान खाली करा

आमच्या सोसायटीमागच्या रिकाम्या प्लॉटवर टर्फ झाला. हिरवं प्लास्टिकचं गवत, चहूबाजूंनी जाळी, चार कोपऱ्यांत पंचवीस फुटी खांब आणि प्रत्येक खांबावर दोन फोकस. उद्घाटनाच्या रात्री अकरा वाजता माझ्या कपाटाच्या दारावर खिडकीच्या ग्रिलची सावली पडली. इतकी रेखीव, की मी पडल्यापडल्या गज मोजले. अकरा उभे, चार आडवे. रंगवताना एका गजावर ओघळून वाळलेला थेंबसुद्धा सावलीत दिसत होता.

तो त्रास संपायला पाच महिने लागले. त्यातले चार मी चुकीच्या दारांत घालवले. खालची कृती त्या हेलपाट्यांतून चाळून काढलेली आहे. तुमच्याकडे टर्फऐवजी लॉन्स असेल, गॅरेज असेल, नाहीतर शेजारच्या बंगल्याने कॅमेऱ्यासाठी लावलेला हॅलोजन असेल; क्रम साधारण हाच.

एक गोष्ट आधी समजून घ्या, नाहीतर पहिल्याच टेबलावर अडकाल. आपल्याकडे आवाजाला आकडा आहे, उजेडाला नाही. रहिवासी भागात रात्री दहा ते सकाळी सहा ४५ डेसिबल, असं २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत छापलेलं आहे. शेजाऱ्याच्या दिव्याचा उजेड तुमच्या उशीवर किती पडलेला चालेल, याचा असा आकडा आपल्या कायद्यात नाही. गंमत म्हणजे १८८२ च्या ईझमेंट्स अ‍ॅक्टप्रमाणे वीस वर्षं खिडकीतून येणारा उजेड कोणी अडवला तर दाद मागता येते. अंधार कोणी हिरावून घेईल, ही शंका १८८२ मध्ये कोणाला यायचं कारण नव्हतं.

म्हणून उजेडाची तक्रार एकटी पाठवली की ती या टेबलावरून त्या टेबलावर फिरत राहते. तिला जमिनीचा वापर, आवाज किंवा उपद्रव यांपैकी कुणाच्या तरी खांद्यावर बसवावं लागतं. आणि त्याच्याही आधी पान्हा घेऊन खांबावर चढणारा माणूस गाठावा लागतो.

१. अंथरुणात पडून पाहा

रात्री घरातले सगळे दिवे घालवा. दहा मिनिटं डोळे अंधाराला सरावू द्या, मग उशीवर डोकं ठेवून खिडकीकडे बघा. दिव्याची काच थेट दिसते का? एलईडीचे पिवळट ठिपके वेगवेगळे ओळखू येतात का? येत असतील तर दिवा तुमच्याकडे तोंड करून उभा आहे आणि वळवला की बराचसा प्रश्न सुटेल. काच दिसत नाही, पण छत मात्र उजळलंय, तर उजेड जमिनीवरून किंवा समोरच्या पांढऱ्या भिंतीवरून उसळून येतोय. मग वळवून फारसा फायदा नाही. वॉट कमी करणं किंवा वेळ कमी करणं एवढंच उरतं.

दिवा कोणाचा, हेही आत्ताच नक्की करा. रस्त्यावरचा असेल तर खांबावर रंगवलेला क्रमांक टिपून क्षेत्रीय कार्यालयाच्या विद्युत विभागाकडे द्या. तिथे दिव्याच्या मागच्या बाजूला पत्र्याची आड लावून द्या म्हणावं. स्वतःच्याच सोसायटीचा असेल तर कार्यकारिणीला पत्र पुरे. इतर सभासदांना उपद्रव होईल असं काही करू नये, हे आदर्श उपविधींत आहेच. जाहिरातीच्या फलकाचा असेल तर पुण्यात आकाशचिन्ह व परवाना विभाग, मुंबईत अनुज्ञापन विभाग. त्या अर्जात राष्ट्रीय इमारत संहिता २०१६ च्या भाग १० चा उल्लेख करा. आसपासच्या रहिवाशांना त्रास होईल इतका प्रखर फलक नको, असं त्यात म्हटलं आहे. खासगी जागेतला दिवा हेच खरं जिकिरीचं प्रकरण. पुढचं सगळं त्याच्यासाठी.

२. मोजा, आणि वहीत लिहा

फोनमध्ये लक्स मोजणारं ॲप उतरवून घ्या. शक्य असेल तर इलेक्ट्रिकच्या दुकानातून साधा लक्समीटर आणा, नाहीतर एखाद्या फोटोग्राफरकडून मागून घ्या. फोनचे आकडे बरेच इकडेतिकडे होतात. मीटर टेबलावर आडवा ठेवू नका. खिडकीच्या पातळीत उभा धरा, तोंड बाहेर. एकदा दिवे चालू असताना, एकदा ते बंद झाल्यावर. दोन्ही आकडे, तारीख, वेळ.

माझ्या खिडकीत दिवे चालू असताना १८ लक्स, बंद झाल्यावर १ च्या आत. पौर्णिमेचं चांदणं ०.३ लक्सच्या आसपास असतं, म्हणजे माझ्या खिडकीबाहेर साठ चंद्र उगवले होते. पण आकडा नुसता सांगून अधिकारी हलत नाहीत, त्याच्या शेजारी ठेवायला दुसरा आकडा लागतो. तो सीआयई या प्रकाशविषयक आंतरराष्ट्रीय संस्थेच्या २०१७ च्या मार्गदर्शिकेत सापडतो. तिने परिसराचे ई-० ते ई-४ असे पाच विभाग पाडले आहेत: अगदी काळोखं रान ते शहराचा गजबजलेला मध्य. उपनगरी वस्ती ई-३ मध्ये येते. तिथे घराच्या खिडकीवर रात्री ठरावीक वेळेपर्यंत १० लक्स आणि त्यानंतर २ लक्स, याहून जास्त उजेड पडू नये. हा आपल्याकडचा कायदा नाही, आणि अर्जात तसं भासवूही नका. ‘मोजमापासाठी आधार’ एवढंच लिहा. इंग्लंड-वेल्समध्ये मात्र २००५ च्या कायद्याने त्रासदायक कृत्रिम उजेड हा उपद्रवच ठरवला आहे आणि तिथल्या स्थानिक परिषदा त्यावर नोटीस काढतात.

फोटो काढताना एक चूक सगळेच करतात. फोन आपोआप उजेड जुळवून घेतो, त्यामुळे काळोखी खोली आणि उजळलेली खोली फोटोत सारखीच दिसते. प्रो मोडमध्ये जाऊन आयएसओ आणि शटर एकाच आकड्यावर बांधून टाका, फोन कपाटाला टेकवा आणि दिवे जायच्या आधी एक व गेल्यावर एक असे दोन फोटो काढा. माझ्या सगळ्या कागदांपैकी काम केलं ते ग्रिलच्या सावलीच्या फोटोने.

वही पंधरा दिवस चालवा. रोजची दिवे लागायची आणि जायची वेळ, आवाज, कोणाची झोप मोडली. रकाने आखलेली शाळकरी वही चालते.

३. काय मागायचं ते ठरवा

मी सुरुवातीला ‘दिवे बंद करा’ म्हणत होते. म्हणजे समोरच्याला ‘धंदा बंद कर’ असं ऐकू येत होतं, आणि तो तसाच भांडायला उभा राहत होता. बंद करा म्हणू नका. मान खाली करा म्हणा.

यामागचं गणित साधं आहे. दोनशे वॉटच्या एका एलईडी फोकसमधून वीस हजार ल्यूमेनच्या आसपास प्रकाश निघतो. घरातल्या नऊ वॉटच्या बल्बमधून नऊशेच्या आसपास. फोकस इंग्रजी यू आकाराच्या ब्रॅकेटमध्ये दोन बाजूंच्या बोल्टवर लटकलेला असतो. बसवणारा वायरमन खांबावर चढतो, फोकस समोर बघेल असा ठेवतो, बोल्ट आवळतो आणि उतरतो. काच जमिनीशी साठ-सत्तर अंशांत उभी राहते. अर्धा प्रकाश खेळपट्टीवर पडतो आणि उरलेला जाळीवरून पलीकडे, तिसऱ्या मजल्यावर माझ्याकडे. विजेचं बिल मात्र पूर्ण प्रकाशाचं येतं. मालकाला पटवायला हेच वाक्य उपयोगी पडलं.

तेव्हा मागण्या अशा लिहा, आणि याच क्रमाने. फोकस खाली वळवा. काच जमिनीशी जितकी समांतर, तितका दिवा सज्जन. तेवढ्याने मैदानाचा मधला भाग अंधारा पडत असेल तर खांब उंच करा. हे ऐकायला उलटं वाटतं, पण उंचावरून दिवा जास्त खाली तोंड करून ठेवता येतो, म्हणून उंच खांबाचा त्रास कमी होतो. मग टोपी: जीआय पत्र्याची झडप, आतून काळा मॅट रंग, फोकसच्या तुमच्याकडच्या कडेला. पत्रा मागच्या पात्यांवर चढवू देऊ नका, एलईडीची उष्णता तिथून बाहेर जाते. तापून दिवा गेला तर खापर तुमच्यावर फुटेल. शेवटी टायमर आणि रंग. टायमर कोणाच्या लक्षात राहण्यावर अवलंबून नसतो. रंग म्हणजे ६५०० केल्विनच्या निळसर पांढऱ्याऐवजी ३००० केल्विनचा पिवळसर दिवा. हे पुढच्या वेळी दिवे बदलतील तेव्हा मागा, आत्ता नको.

पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये भारतातलं पहिलं डार्क स्काय पार्क म्हणून मान्यता मिळाली. तिथेही कोणी गावं अंधारात ढकलली नाहीत. सिल्लारी, वाघोडा अशा आसपासच्या गावांतले शंभरावर दिवे खाली तोंड करणारे बसवले.

४. जा आणि बोला, संध्याकाळी सातच्या आत

गर्दीच्या वेळी जाऊ नका. चिडून रात्री बाराला तर नकोच. मी तेच केलं होतं आणि गेटवरचा पोरगा नुसता ‘मालक नाहीत’ म्हणाला. दुसऱ्यांदा संध्याकाळी सहाला गेले, सोबत खालच्या मजल्यावरचे एक आजोबा आणि फोटो. मॅनेजर पंचविशीचा मुलगा.

“काकू, लाइट काढली तर अकरा-बाराचा स्लॉट जातो. तोच भरतो.”

“काढू नको रे बाळा. खाली कर. हे बघ, हे माझं कपाट.”

त्याने फोटो मोठा करून बघितला, मग मान वर करून आमच्या इमारतीकडे. “तिसरा मजला ना? सरळ तोंडावरच येतंय की. वायरमनला सांगतो.”

सांगितलं नाही, किंवा वायरमन आला नाही. पण हे बोलणं फुकट गेलं असं समजू नका. त्याच रात्री मी त्याला व्हॉट्सॲपवर दोन ओळी टाकल्या: आज भेटलो, फोकस खाली वळवायचं ठरलं, आठ दिवसांनी परत येते. त्याने अंगठा पाठवला. पुढे प्रत्येक अर्जाला तो अंगठा जोडलेला आहे. आपण आधी सामोपचाराने विचारलं होतं, हे दाखवणारा कागद सगळीकडे लागतो.

आठ दिवस थांबताना खिडकीला जाड पडदा लावा. त्याने हक्क सोडला असा अर्थ होत नाही, झोप तर आज लागते.

५. झोन दाखला आणि माहिती अधिकार

बोलण्याने काम झालं नाही तर त्या जागेचं कूळ-मूळ काढा. सर्व्हे किंवा सीटीएस नंबर मिळकत पत्रिकेवरून मिळतो. त्यावर महापालिकेतून झोन दाखला काढा: मंजूर विकास आराखड्यात प्लॉट रहिवासी विभागात आहे, व्यापारी विभागात आहे, की त्यावर एखादं आरक्षण आहे. कुठल्या विभागात कोणते वापर चालतात याची यादी मुंबईत डीसीपीआर २०३४ मध्ये आहे, उरलेल्या बहुतेक महाराष्ट्रात २०२० च्या यूडीसीपीआरमध्ये.

इथे बरेच जण घाई करतात आणि ‘बेकायदा टर्फ’ असं लिहून मोकळे होतात. खेळाची जागा म्हटली की अधिकारी सहसा मोडता घालत नाहीत. परवानगी निघालीच तर तुमची पुढची सगळी तक्रार तिथेच झोपते. आधी कागद मागवा.

माहिती अधिकाराचा अर्ज, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप, जनमाहिती अधिकाऱ्याच्या नावाने. ‘परवानगी का दिली’ असं विचारू नका. ‘का’ला उत्तर देणं त्या कायद्याने बंधनकारक नाही, तिथे मिळतो तो कागद. म्हणून कागद मागा: या प्लॉटला दिलेल्या परवानगीची प्रत, तिच्यातल्या अटी, मुदत, मंजूर नकाशा, वेळेबद्दल काही अट असेल तर ती, आणि आजवरच्या स्थळपाहणीचे अहवाल. तीस दिवसांत उत्तर यायला हवं. आलं नाही तर पहिलं अपील त्याच कार्यालयात. एक विसरू नका: राज्याच्या नियमांप्रमाणे अपिलालाही स्टँप लागतो, काउंटरवर विचारून घ्या.

आमच्या उत्तरात परवानगी निघाली ती तात्पुरती, आणि तिच्यात शेजारच्या रहिवाशांना उपद्रव होऊ नये अशी अट छापील होती. अशा अटी छापलेल्याच असतात, कोणी वाचत नाही. त्या एका ओळीवर आमचा पुढचा अर्ज उभा राहिला. परवानगीच नसती, किंवा वापर बदलून घेतलेला नसता, तर १९६६ च्या एमआरटीपी कायद्याच्या कलम ५३ खाली नोटीस काढा अशी मागणी करता आली असती.

६. अर्ज लिहा

एक पान. प्रति, सहायक महापालिका आयुक्त, अमुक क्षेत्रीय कार्यालय. विषयाच्या ओळीत ‘प्रकाश प्रदूषण’ लिहू नका, त्या नावाचं टेबल नाही आणि अर्ज पर्यावरण विभागात जाऊन बसतो. ‘परवानगीतील अट क्रमांक अमुकचा भंग’ असं लिहा. मग तो ज्याने परवानगी दिली त्याच्याच टेबलावर येतो. आत चार गोष्टी: जागा, वेळा, मोजमाप, मागणी. मागणी तिसऱ्या पायरीतली, शब्दशः. सोबत दोन फोटो, वहीच्या पानांची प्रत, आणि जास्तीत जास्त सह्या. सहीसोबत फ्लॅट नंबर घ्या. नुसत्या सह्यांना वजन नसतं.

अर्ज बारनिशीत द्या, दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि आवक क्रमांक घ्या. शिक्क्याशिवाय कोणी ‘ठेवून जा’ म्हणालं तर ठेवू नका. पंधरा दिवसांनी स्मरणपत्र, त्यात तोच आवक क्रमांक. स्थळपाहणी रात्री व्हावी अशी वेगळी विनंती करा. आमच्याकडे कनिष्ठ अभियंता पहिल्यांदा दुपारी तीनला आला होता आणि ‘दिवे आढळले नाहीत’ असं लिहून गेला.

७. आवाज असेल तर पोलिस

रात्री दहानंतर उघड्यावर लाउडस्पीकर चालत नाही. कॉमेंट्री, गाणी, काहीही. हे सुरू असेल तर ११२ ला फोन करा आणि तक्रार नोंदवून घ्या. नुसता आरडाओरडा असेल तर ४५ डेसिबलची मर्यादा आहे. तिच्यापेक्षा दहा किंवा जास्त डेसिबलने आवाज वाढला की ध्वनिप्रदूषण नियमांखाली प्राधिकाऱ्याकडे तक्रार करता येते. उजेडासाठी पोलिस येत नाहीत, पण आवाजासाठी आले की दिवेही लवकर जातात. डोळ्याला इजा होण्याइतका उजेड असला तर मात्र पोलिसही उजेडाची दखल घेतात: २०२४ च्या गणपती विसर्जनाआधी पुण्यात लेझर किरणांवर बंदीचा आदेश निघाला होता.

८. प्रांत, नाहीतर कोर्ट

सार्वजनिक उपद्रव दूर करायचा सशर्त आदेश भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १५२ खाली निघतो. १ जुलै २०२४ पूर्वीच्या जुन्या संहितेत हेच कलम १३३ होतं. अर्ज प्रांताकडे किंवा त्यासाठी अधिकार दिलेल्या कार्यकारी दंडाधिकाऱ्याकडे. यातला ‘सार्वजनिक’ हा शब्द जपून वाचा. एकट्या तुमच्या खिडकीचा त्रास असेल तर हे कलम लागत नाही. दोन इमारतींतली वीस घरं असतील तर बोलता येतं. २०१८ मध्ये मुंबईत मरीन ड्राइव्हवरच्या एका जिमखान्याच्या प्रखर दिव्यांविरुद्ध एका रहिवाशाने पाठपुरावा केला, तेव्हा ते दिवे काढायला सांगणारं पत्र जिल्हाधिकारी कार्यालयातूनच गेलं.

एकट्याचा त्रास असेल तर दिवाणी न्यायालयात मनाईहुकमाचा दावा. त्याआधी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे दाखलपूर्व तडजोडीचा अर्ज देऊन पाहा. बायकांना तिथे उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो, हे मला साठी जवळ आल्यावर कळलं. ‘टर्फ आधीपासून होता, तुम्ही नंतर राहायला आलात’ असं समोरचा म्हणेल. तेवढ्याने दावा पडत नाही.

आम्हाला इथवर जावं लागलं नाही. रात्रीची स्थळपाहणी झाली, अटीच्या भंगाचं पत्र गेलं आणि चौथ्या दिवशी शिडी लागली.

९. बोल्टवर रेघ मारा

फोकस वळवतील तेव्हा कोणीतरी खिडकीत उभं राहा आणि कोणीतरी खाली वायरमनजवळ, फोन चालू ठेवून. “अजून खाली. अजून. थांबा, काच दिसेनाशी झाली.” आमचे आठ फोकस वीस मिनिटांत झाले. खिडकीत परत मीटर धरला, ३ लक्स. टोपी लावल्यावर दीड.

मग वायरमनला खाली उतरू द्यायच्या आधी त्याच्याकडून बोल्टपासून ब्रॅकेटपर्यंत तैलरंगाची एक सरळ रेघ मारून घ्या. वाऱ्याने फोकस फिरला किंवा पावसाळ्याआधी दिवा बदलताना कोणी परत समोर तोंड केलं, तर रेघ तुटलेली दिसते आणि वाद घालावा लागत नाही. आमची जूनमध्ये तुटली. रेघेचा फोटो मॅनेजरला पाठवला, संध्याकाळी तोच पान्हा घेऊन चढला.